माझे वडील पोलिसात होते

दिवाळीच्या आठ दिवस आधीची संध्याकाळ. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आम्ही दोघं घरी निघालो होतो. नागपूरच्या शंकरनगर चौकात सिग्नलला गाडी थांबवली आणि मागून एका ऑटोनं धडक दिली. धडक कसली, बंपरला बोटभर ओरखडा. मी उतरले, ऑटोवालाही उतरला. पंचविशीतला पोरगा. म्हणाला, "मॅडम, तुम्हीच एकदम ब्रेक मारला." त्याचं अगदीच खोटं नव्हतं. दिवा पिवळा झाला तेव्हा मी आधी निघून जायचं ठरवलं होतं आणि मग अचानक थांबले होते. मागे हॉर्न वाजायला लागले, दोनचार माणसं थांबली, आणि माझ्या तोंडून वाक्य निघून गेलं. "माझे वडील पोलिसात होते."

पोरानं वाकून गाडीत पाहिलं. डोळ्यांत औषध घातलेलं म्हणून बाबांनी काळा चष्मा लावला होता. ते समोर बघत गप्प बसले होते. पुढे त्यानं वाद घातला नाही. "जाऊ द्या मॅडम, चूक झाली," म्हणत खिशातून पाचशेची नोट काढली, माझ्या हातात ठेवली. आणि मी ती घेतली.

बाबा 2004 साली रिटायर झाले. एकवीस वर्षांपूर्वी. सहायक फौजदार म्हणून सुटले, त्याआधीची बरीचशी वर्षं शिपाई आणि हवालदार होते. आता ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि आधाराशिवाय जिना उतरत नाहीत. तरी त्यांच्या नोकरीच्या नुसत्या नावानं चौकातला एक माणूस अर्ध्या मिनिटात आपलं खरं म्हणणं गिळून बसला.

घरी येईपर्यंत बाबा बोलले नाहीत. सोफ्यावर बसल्यावर म्हणाले, "बाई, त्या पोराची चूक होती का?"

मी म्हटलं, "अर्धी."

"मग माझं नाव काहून काढलं तिथं?"

दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतर आणखी एकदा मी शंकरनगरच्या स्टँडवर जाऊन आले. तो पोरगा सापडला नाही. ऑटोचा नंबर मी पाहिला नव्हता. ओरखड्याचा फोटो मात्र लगेच काढून ठेवला होता.

ड्युटी संपल्यावर पोलिसाला वेगळा न्याय लावावा का, हा वाद मी लहानपणापासून ऐकत आले आहे. एखाद्या शिपायानं ढाब्यावर भांडण केलं, कुणी अधिकाऱ्यानं दारूच्या नशेत गाडी ठोकली, की पेपरात मोठ्या अक्षरात 'पोलिसानेच' असं छापून यायचं. त्यातल्या त्या 'च'चा आम्हाला राग यायचा. आम्हाला म्हणजे टाकळीच्या पोलीस लाईनीत वाढलेल्या सगळ्या पोरांना. बँकेतल्या माणसानं भांडण केलं तर 'बँकवाल्यानेच' असं कुणी छापत नाही. आमचे बाप माणसं नाहीत का, असं आम्हाला वाटायचं. तो राग अगदी बिनबुडाचा होता असं मला आजही वाटत नाही.

कारण ड्युटी संपल्यावर म्हणजे नेमकं कधी, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. दोन खोल्यांचं क्वार्टर, बाहेर सायकल, खुंटीला वर्दी. सकाळी हजेरी, मग बारा तास, कधी चौदा. साप्ताहिक सुटी कागदावर असायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं नागपूर मारबत आणि बडगे हे पुतळे बघायला जायचं, तेव्हा बाबा त्यांच्या मिरवणुकीत दोरी धरून उभे असायचे. दसऱ्याला दीक्षाभूमी. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की पंधरा-वीस दिवस बाप दिसायचाच नाही. थंडीत मोर्चाच्या बंदोबस्तावरून रात्री यायचे, बूट काढायच्या आत झोपायचे. आणि मधूनच रात्री कुणीतरी दार वाजवायचं, "जमादार, बोलावलंय."

पुढे मी वकील झाले. दिवाणी कामं करते, फौजदारीशी माझा फारसा संबंध येत नाही. पण ज्या कायद्यानं आमच्या घराचं वेळापत्रक ठरवलं होतं तो एकदा मुद्दाम काढून वाचला. 1951चा पोलीस कायदा, पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम. कलम 28. रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस या कायद्याच्या दृष्टीनं नेहमीच ड्युटीवर आहे असं मानलं जाईल. इंग्रजांच्या 1861च्या कायद्यातही हे वाक्य जवळपास असंच होतं. ते वाचून मला आधी आईची आठवण झाली. ती नेहमी म्हणायची, "यांचं लग्न सरकारशी झालंय, मी नुसती स्वयंपाकाला आहे."

ते वाक्य लिहिणाऱ्यांच्या मनात पोलिसाचं चारित्र्य नव्हतं. हाक मारली की माणूस हजर हवा, एवढाच हिशोब. म्हणून कुणी मला सांगतं की कायद्यानंच पोलीस चोवीस तास ड्युटीवर आहे, म्हणून चोवीस तास त्याची वागणूकही तशीच हवी, तेव्हा ते मला पटत नाही. माणसाला झोपू न देण्यासाठी केलेला नियम त्याच्या नीतीचा पाया कसा होईल? नागपुरात 2021 साली महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी लागू झाली, तेव्हा बाबांनी पेपरातली बातमी दोनदा वाचून काढली आणि घडी घालून उशीखाली ठेवली. आठ तासांनंतर आपला वेळ आपला, ही गोष्ट त्यांना नोकरीभर मिळाली नव्हती.

तरीही उत्तर 'हो' असंच आहे. पोलिसाला ड्युटीबाहेरही जास्त कडक माप लावायला हवं. फक्त त्याचं कारण कलम 28 नाही.

कारण सापडलं ते दुसऱ्याच कायद्यात. 1872च्या पुरावा कायद्याचं कलम 25, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 23 झालं आहे, ते सांगतं की पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. 1876 साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. एका आरोपीनं पोलीस उपायुक्तांपुढे कबुली दिली होती. ते उपायुक्त मॅजिस्ट्रेटही होते, आणि कबुली मॅजिस्ट्रेट म्हणून घेतली होती, पोलीस म्हणून नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. न्यायालयानं ते मानलं नाही. माणूस पोलीस असेल तर त्या क्षणी त्यानं डोक्यावर कुठली टोपी घातली आहे हे समोरच्यानं कसं ओळखायचं? समोरच्याला दिसतो तो पोलीस, आणि भीती वाटते ती पोलिसाची. दीडशे वर्षं होत आली, तो निकाल अजून शिकवला जातो.

मला यातलं एवढंच घ्यायचं आहे की कायद्यानं इथे घड्याळाकडे न बघता समोरच्या माणसाकडे पाहिलं. पोलिसाची ड्युटी किती वाजता सुटली हे त्याच्या ठाण्यातल्या डायरीत लिहिलेलं असतं. समोरच्याच्या पोटात जो गोळा येतो त्याला ती डायरी माहीत नसते.

आणि पोलीसही हे जाणून असतात. संध्याकाळी धरमपेठेतून लक्ष्मीभुवन चौकापर्यंत चालत गेलं तरी किती खासगी मोटारसायकलींवर लाल-निळ्या पट्ट्यात 'पोलीस' लिहिलेलं दिसतं. नंबर प्लेटवर नंबराखेरीज काही लिहायला परवानगी नाही. तरी लिहितात, कारण त्या तीन अक्षरांनी टोल, पार्किंग, सिग्नल सगळं सोपं होतं. हेल्मेट न घालता जाणाऱ्याला अडवणारा त्याचा सहकारी ती पट्टी पाहून हात खाली घेतो. ड्युटी नसताना ज्याला आपण पोलीस असल्याचं गाडीवर मिरवायचं आहे, त्यानं ड्युटी नसताना पोलिसाचं माप नको म्हणू नये. पट्टी काढली की मग बोलू.

बाबांच्या सायकलवर पट्टी नव्हती, पण लाईनीजवळचा पोहेवाला त्यांना ओळखायचा. रविवारी कधी सुटी मिळालीच तर बाबा आम्हाला तर्री-पोहे खायला न्यायचे. पोहेवाला पैसे घ्यायचा नाही. "राहू द्या ना जमादार, पोरं आहेत." बाबा दोनदा आग्रह करून पैसे ठेवून आले. तिसऱ्या वेळी त्यानं ते पैसे भावाच्या खिशात परत घातले. त्यानंतर आम्ही पोहे खायला थेट सीताबर्डीला जायला लागलो. तीन माणसं एका सायकलवर, मी पुढच्या दांड्यावर. जिथे कुणी ओळखत नाही तिथला पोहा बाबांना चालायचा. लहानपणी मला वाटायचं, सीताबर्डीचे पोहे जास्त चांगले असतात म्हणून आपण जातो.

आता माप कुठे लावायचं नाही ते सांगते, कारण तिथेही तेवढीच गल्लत होते. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत 'न शोभणारं वर्तन' असा एक शब्दप्रयोग आहे. तो रबरासारखा आहे. लाईनीत मी पाहिलं आहे की तो ताणला जातो तो शिपायापर्यंतच. कुणी दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केलं, कुणी सुटीच्या दिवशी आपल्याच खाटेवर बसून दारू प्यायला, कुणी कर्जात बुडाला, की कसुरी अहवाल, वेतनवाढ बंद, नाहीतर खातेनिहाय चौकशी. त्याच काळात एका साहेबांच्या बंगल्यावर आमच्या शेजारचे काका ऑर्डर्ली होते. ते साहेबांचा कुत्रा आंघोळ घालून आणायचे, मेमसाहेबांची भाजी आणायचे. संध्याकाळी सहाला घरी बसून दुसऱ्या पोलिसाकडून कुत्रा धुऊन घेणं हे कुणाला न शोभणारं वाटलं नाही. जास्त कडक माप म्हणजे खालच्या माणसाच्या घरात जास्त डोकावणं, असा अर्थ होत असेल तर मला ते माप नको.

पोलीस कुणावर प्रेम करतो, कुठल्या देवळात जातो, घरी काय खातो-पितो, हे त्याचं त्याच्यापाशी राहू द्यावं. मी स्वतःशी एकच प्रश्न विचारते. हे जे काही तो करतो आहे, ते तो पोलीस नसता तर त्याला करता आलं असतं का? नागपुरात घरी बसून कुणी ग्लास भरला तर मला काही म्हणायचं नाही. पण बाजूच्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून. तिथे नेमणूक असलेला पोलीस जप्तीच्या मालातली बाटली रात्री घरी उघडतो, तेव्हा ती खासगी बाब उरत नाही. सकाळी तो ज्या बाईच्या झोपडीत घुसून मोहाची दारू ओतून देणार आहे, तिच्यासारख्याच कुणाकडून त्यानं ती बाटली घेतलेली असते.

याच प्रश्नावर मला लाईनीतल्या एका घराबद्दल लिहायचं आहे. नाव-गाव सांगणार नाही, त्या बाई आता हयात नाहीत. आमच्या भिंतीला भिंत लागून घर. त्यांचा नवरा हवालदार, ठाण्यावर सगळ्यांशी गोड. आठवड्यातून एकदोनदा रात्री पलीकडून आवाज यायचे. भांडं पडल्याचा, मग आणखी कशाचा तरी. आई रेडिओ मोठा करायची. संपूर्ण लाईन रेडिओ मोठा करायची. सकाळी काकू नळावर यायच्या तेव्हा पदर डोक्यावरून पुढे ओढलेला असायचा.

एकदा आईनं त्यांना म्हटलं, "एकदा जाऊन सांगा ना कुणाला." काकू म्हणाल्या, "कुणाला सांगू? सांगायचं असतं तिथंच ते बसतात."

दुसऱ्या कुणाचा नवरा मारत असेल तर निदान ठाणं असतं. ते ऐकून घेईल, नाही घेईल, पण जायला जागा असते. पोलिसाच्या बायकोला ती जागा नसते. 1983 साली पतीच्या छळाचं कलम आलं, 2005 साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला, नागपूर पोलिसांनी बायकांच्या तक्रारींसाठी भरोसा सेल काढला, सगळं चांगलं झालं. पण तक्रार घेणारा आणि मारणारा एकाच हजेरीला उभे राहत असतील तर त्या बाईसाठी कायदा दोन पावलं लांबच राहतो. घर ही खासगी जागा, असं म्हणून पोलिसाला इथे सोडता येत नाही, उलट इथेच माप सगळ्यात कडक हवं. अशा तक्रारीची चौकशी त्याच्या ठाण्याबाहेर, त्याच्या ओळखीबाहेर व्हायला हवी. सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली प्रकाश सिंग खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितली. आपल्या राज्यानं त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली ती 2014 साली. काकू त्याआधीच गेल्या.

आमच्या विदर्भानं हा प्रश्न देशापुढे एकदा फार मोठी किंमत देऊन मांडला आहे. 26 मार्च 1972. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आताच्या गडचिरोलीतलं देसाईगंज. रात्रीच्या वेळी एका अल्पवयीन आदिवासी मुलीला तिच्या नातेवाइकांसह ठाण्यात बोलावलं होतं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि तिला आत थांबवलं. एक शिपाई, एक हवालदार. तिचं नाव कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे, मी इथे लिहीत नाही. सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. 1976 साली आपल्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे नागपूरनं तेव्हा ओळखलं होतं. 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली, तिच्या अंगावर जखमा नव्हत्या म्हणून. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला.

त्या बदललेल्या कलमात पोलिसानं केलेल्या बलात्काराला वेगळी, किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 64 मध्ये आहे. त्याचं पहिलंच पोटकलम मी पुन्हा पुन्हा वाचते. ज्या ठाण्यात नेमणूक आहे त्या ठाण्याच्या हद्दीत. बस्स. 'ड्युटीवर असताना' असं तिथे लिहिलेलं नाही. 'वर्दीत' असंही नाही. हद्दीत राहणारी बाई त्याला चोवीस तास पोलीस म्हणूनच ओळखते, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हा दिसलं होतं. एका मुलीला ते दाखवून द्यावं लागलं.

हे सगळं मी बाबांना त्या पाचशेच्या नोटेनंतर दोन-तीन दिवसांनी वाचून दाखवत होते. त्यांना कलमं ऐकायला आवडतात. ऐकता ऐकता ते मधेच म्हणाले, "तुला ती बर्फी आठवते का?"

आठवते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. काटोल रोडवर भाऊ सायकल शिकत होता आणि कॉलेजातल्या एका मुलाच्या लुनाची त्याला धडक बसली होती. भावाचा गुडघा फुटला होता. रात्रपाळी करून आलेले बाबा लुंगी-बनियनवर झोपले होते. ते तसेच धावत गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले होते, खुर्चीच्या कडेवर बसले होते, आणि त्यांनी अर्धा किलो संत्रा बर्फी आणली होती. ते बाबांना साहेब म्हणत होते. तोवर बाबांना कुणी साहेब म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला फार अभिमान वाटला होता. एवढं मला आठवत होतं.

बाबांनी उरलेलं सांगितलं. भाऊच आडवा गेला होता. बाबांनी तिथे पोहोचताच काही न विचारता त्या मुलाच्या कानाखाली वाजवली, दोनदा. मुलगा बाबांपेक्षा उंच होता, धडधाकट होता. त्यानं हात वर केला आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अबे, पोलीस लाईन आहे ही." त्यानं हात खाली घेतला.

"आणि त्याचा बाप दुसऱ्या दिवशी माफी मागायला आला," बाबा म्हणाले. "माझी. पोरगा लहान आहे, समजत नाही, मोठ्या मनानं सोडून द्या. निघताना दारात म्हणतो, पोराच्या कानातून थोडं रक्त आलं होतं, पण डॉक्टर म्हणाले होईल बरा, तुम्ही काळजी करू नका साहेब."

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? चहा घेऊन जा म्हटलं."

बाबांनी चष्मा काढून डोळ्यांत औषध घालायला माझ्यासमोर मान वर केली. मी थेंब घातले. त्या बर्फीची चव मला अजून जिभेवर आणता येते. आईनं ती लाईनीतल्या सगळ्या पोरांना वाटली होती. माझ्या वाट्याला दोन वड्या आल्या होत्या, आणि बाबांनी घेतली नाही म्हणून त्यांच्या वाटणीचीही मीच खाल्ली होती.